मैदान रिकामे कधी करायचे?

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. बेंगळुरूत जयनगरजवळच्या एका मैदानावर तो रोज संध्याकाळी क्रिकेटच्या उन्हाळी शिबिराला जातो. एप्रिल-मेमध्ये इथे दुपारभर ऊन आणि चारनंतर विजांचा कडकडाट, असे वरचेवर होते. गडगडाट सुरू झाला तरी ‘एवढी ओव्हर संपू दे’ म्हणत खेळ चालूच राहतो. परदेशातल्या काही शाळांत वीज जवळ आली की भोंगा आपोआप वाजतो, असे ऐकले. आपल्याकडे असे काही आहे का? आणि अशा यंत्रावर कितपत विसंबावे?
– एक पालक, बेंगळुरू

उत्तर : इशारा देणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, चांगली आहे आणि तिला पैसेही पडत नाहीत. कमी पडते ते पुढचे: इशारा आल्यावर खेळ कोणी थांबवायचा आणि मुलांना कुठे न्यायचे, हे बहुतेक मैदानांवर आधी ठरलेलेच नसते.

तुमची काळजी अवाजवी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात भारतात वीज पडून 2,887 माणसे दगावली. ऑगस्ट 2024 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात पाऊस आला म्हणून झाडाखाली थांबलेले तीन हॉकीपटू वीज पडून गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेरू देशात पंचांनी सामना थांबवला होता, खेळाडू मैदानाबाहेर चालत निघाले होते, तेवढ्यात वीज पडली आणि एका फुटबॉलपटूचा जीव गेला. खेळ थांबला होता, पण उशिरा थांबला होता.

आता यंत्रणेकडे वळू. वीज चमकली की जुन्या रेडिओवर खरखर ऐकू यायची, ती विजेतून निघणाऱ्या रेडिओलहरींमुळे. याच लहरी टिपणारे संवेदक ठिकठिकाणी बसवलेले असतात. एकाच विजेची लहर प्रत्येक संवेदकापर्यंत किंचित वेगळ्या क्षणी पोहोचते. त्या सूक्ष्म फरकावरून वीज कुठे कडाडली याचे गणित संगणक लगेच मांडतो. ढगातल्या ढगात चमकणाऱ्या विजा जमिनीवर पडणाऱ्या विजेच्या पुष्कळदा काही मिनिटे आधी सुरू होतात. त्या टिपता आल्या तर मैदान रिकामे करायला तेवढा वेळ हाती लागतो.

पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने असे संवेदकांचे जाळे देशभर उभारले आहे. त्यावर चालणारे ‘दामिनी’ हे ॲप तुम्ही जिथे आहात तिथून 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात विजा होत असतील तर सूचना देते. कर्नाटकाची स्वतःची सोयही आहे. बेंगळुरूच्या येलहंका भागात राज्याचे नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र आहे. राज्यभर बसवलेल्या स्वयंचलित पर्जन्यमापकांची माहिती तिथे सतत जमा होते. विजेच्या इशाऱ्यासाठी या केंद्राने ‘सिडिलु’ नावाचे ॲप काढले आणि हवामानाची विचारणा करण्यासाठी ‘वरुण मित्र’ ही चोवीस तासांची दूरध्वनी सेवा चालवली. याशिवाय हवामान खात्याचे पुढच्या तीन तासांचे तातडीचे अंदाज असतात. तुम्ही ऐकलेला भोंगा याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच की तिथे सूचना फोनमध्ये अडकून राहत नाही. ठरलेल्या अंतरात वीज आली की लांबलचक भोंगा वाजतो, खांबावरचा दिवा लुकलुकू लागतो आणि तो विझेपर्यंत कोणी मैदानात उतरत नाही.

यंत्रावर विसंबण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. यंत्राने ‘थांबा’ म्हटले तर थांबायचे. यंत्र गप्प आहे म्हणून खेळत राहायचे मात्र नाही. फोन सायलेंटवर असतो, बॅटरी संपते, नेट जाते, आणि डोक्यावरच तयार झालेल्या ढगातली पहिलीच वीज मैदानावर पडू शकते. म्हणून कानाचा हिशेबही ठेवायचा. आवाज एक किलोमीटर जायला सुमारे तीन सेकंद घेतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजून तीनने भागले की अंतर कळते. तीस सेकंद किंवा त्याहून कमी भरले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज थेट तुमच्या मैदानावर पडू शकते. बेंगळुरूत आणखी एक अडचण आहे. आउटर रिंग रोडसारख्या रस्त्यालगतच्या मैदानावर वाहनांच्या आवाजात दूरचा गडगडाट ऐकूच येत नाही. तिथे यंत्राची गरज जास्त. म्हणून नियम सोपा ठेवावा: ॲपची सूचना, डोळ्यांना दिसलेली वीज आणि कानावर आलेला गडगडाट यांतले जे आधी येईल, त्यावर खेळ बंद. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटे गेल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. मध्येच पुन्हा गडगडले तर तीस मिनिटे पहिल्यापासून मोजायची.

‘एवढी ओव्हर संपू दे’ याला तर क्रिकेटच्या नियमांतही आधार नाही. परिस्थिती धोकादायक आहे यावर पंचांचे एकमत झाले, तर त्यांनी खेळ तत्काळ थांबवावा, असे पंचांसंबंधीचा दुसरा नियम सांगतो. षटक पूर्ण होण्याची अट त्यात नाही.

थांबल्यावर कुठे जायचे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. विजेने मरण येते ते थेट अंगावर पडूनच येते असे नाही. झाडावर किंवा दिव्याच्या खांबावर पडलेली वीज जमिनीत पसरते, जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या एका पायातून वर चढते आणि दुसऱ्यातून उतरते. एका विजेने अनेक जण एकदम कोसळतात ते यामुळे. त्यामुळे झाड, मांडव, उघडी पॅव्हिलियन, पत्र्याची शेड आणि नेटचे लोखंडी खांब या साऱ्या जागा वर्ज्य. बेंगळुरूत इमारतींच्या गच्चीवर जाळी लावून केलेल्या टर्फवरून तर मुलांना सर्वांत आधी खाली आणावे. सुरक्षित जागा दोनच: शाळेची पक्की, बंदिस्त इमारत, नाहीतर काचा लावलेली बस किंवा मोटार. एखाद्यावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नये. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबून हृदयाला चालना द्यावी आणि 108 ला फोन करावा.

तुमच्या पत्रात उन्हाचा उल्लेख ओझरता आहे, पण तो धोका रोजचा आहे. ‘बेंगळुरू म्हणजे थंड हवा’ या समजुतीवर आता राहता येणार नाही. 24 एप्रिल 2016 रोजी शहरात 39.2 अंश सेल्सिअस नोंदले गेले आणि 28 एप्रिल 2024 रोजी 38.5. महाराष्ट्रात 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या एका कार्यक्रमात उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी 14 जण उष्माघाताने दगावले. ती माणसे धावतही नव्हती.

खेळाडूसाठी नुसते तापमान पाहून भागत नाही. त्यासाठी वेगळे मापन आहे. एका तापमापीच्या टोकाला ओली मलमलची वात गुंडाळलेली असते. घाम किती सुकेल हे तिच्यावरून कळते, कारण हवा दमट असली की वात गार होत नाही. दुसरी तापमापी काळ्या रंगाच्या पोकळ तांब्याच्या गोळ्यात बसवलेली असते आणि ती उन्हाचा मारा मोजते. तिसरी साधी, सावलीतली. ओलीला 70 टक्के, काळ्या गोळ्याला 20 आणि साधीला 10 टक्के वजन देऊन जो आकडा येतो त्यावर सराव ठरतो. ही पद्धत 1950च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणातल्या उष्माघातांमुळे पुढे आली. जॉर्जिया राज्यातल्या शाळांनी 2012 पासून ती नियमात आणली आणि हा आकडा 33.3 अंशांच्या वर गेला की तिथे उघड्यावरचा सराव बंद असतो. आता ही तिन्ही मापने घेणारे हातात मावणारे यंत्रही मिळते. ते मैदानावर ठेवूनच मोजावे, कारण भर उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जाऊ शकतो आणि शहराच्या वेधशाळेच्या आकड्यात ते दिसत नाही.

शिबिराचा पहिला आठवडा सर्वांत जोखमीचा असतो. परीक्षेच्या खुर्चीवरून उठलेले मूल एकदम दोन तास पळू लागते. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर सराव हळूहळूच वाढवला पाहिजे. मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, तर तो उष्माघात समजावा. त्याला जागेवरच बर्फाच्या किंवा थंड पाण्यात बसवावे, निदान अंगावर पाणी ओतत राहावे. 108 ला लगेच कळवावे, पण गाडीची वाट पाहत गार करणे थांबवू नये.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. प्रशिक्षकांना तीन गोष्टी विचारा. इशारा कोण पाहतो, म्हणजे सामन्यात गुंतलेली नसलेली एक व्यक्ती आणि तिची बदली कोण? खेळ थांबवण्याचा शब्द कोणाचा अंतिम, आणि त्याच्याशी पालकही वाद घालणार नाहीत ना? मैदानाच्या टोकावरून सर्वांत लहान मुलाला पक्क्या इमारतीत पोहोचायला किती मिनिटे लागतात, हे चालून पाहिले आहे का? पोहोचायला पाच मिनिटे लागत असतील, तर खेळही तितका आधी थांबला पाहिजे.

या तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून पॅव्हिलियनच्या भिंतीवर लावायला सांगा. त्याला खर्च येत नाही. एवढे करायची ज्या शिबिराची तयारी नसेल, तिथे फी भरू नका.