न दिसणारी जखम : माजी सैनिकांच्या मेंदूची इजा, मनाचा आघात आणि नवे उपचार

इंदूरहून महूकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राजेंद्रनगर हे स्थानक लागते. इंदूर शहराच्या या भागात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. येथून जवळच असलेली महूची लष्करी छावणी १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर वसली. सैन्यात सुभेदार असलेल्या रामजी सकपाळ यांचे पुत्र भीमराव, म्हणजेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर, यांचा जन्म १८९१ मध्ये याच छावणीत झाला. मराठी माणूस आणि सैनिकी पेशा यांचा या भूमीशी असलेला संबंध असा जुना आहे. महूच्या सान्निध्यामुळे निवृत्तीनंतर अनेक सैनिकांची कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली. या कुटुंबांपैकी काहींपुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच महाराष्ट्रातील साताऱ्यापासून बुलढाण्यापर्यंतच्या गावांतील माजी सैनिकांपुढेही असतो. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे उपयुक्त ठरेल.

उदाहरणादाखल असे समजू, की राजेंद्रनगरात एक निवृत्त हवालदार राहतात. सीमेवर असताना सुरुंगाचा स्फोट जवळच झाला आणि ते फेकले गेले. वरून जखम किरकोळ होती. काही दिवसांत ते पुन्हा कामावर रुजू झाले. पुढे निवृत्तीही झाली. परंतु आता त्यांचे डोके वारंवार दुखते, नावे आठवत नाहीत, रात्री ते दचकून उठतात, दिवाळीतील फटाक्यांच्या दिवसांत दार लावून बसतात आणि क्षुल्लक कारणावरून संतापतात. “लष्करातला माणूस, तापट असायचाच,” असे शेजारी म्हणतात. पत्नीला मात्र माणूस बदलला आहे हे कळते; का बदलला हे कळत नाही. अशातच मुलाच्या हाती एक जाहिरात पडते : नव्या उपचाराने मेंदू पूर्ववत करून मिळेल, खर्च काही लाख रुपये. घरात जमीन विकण्याची भाषा सुरू होते. या कुटुंबाने काय करावे, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

दोन आजार, एकच माणूस

स्फोटाचा दाब, गोळी, वाहनाचा अपघात किंवा उंचावरून पडणे यांमुळे मेंदूला इजा होते. कवटी फुटली नाही म्हणजे मेंदू शाबूत राहिला, असे नव्हे. मेंदू कवटीच्या आत हादरतो व त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जातात. डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा, एकाग्रता न होणे, प्रकाश व आवाज सहन न होणे ही त्याची लक्षणे होत. साध्या क्ष-किरण चित्रात यांपैकी काहीही दिसत नाही.

दुसरा आजार मनावरील आघाताचा. घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, सतत सावध व दचकलेले राहणे आणि मन बधिर होणे ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली, तर डॉक्टर त्यास आघातोत्तर ताणविकार म्हणतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये अशा सैनिकांविषयी लिहिले, तेव्हा तोफगोळ्याच्या धक्क्याचा हा परिणाम आहे असे मानले जाई. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र स्थान मिळण्यास मात्र १९८० साल उजाडावे लागले. हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी पुण्यात १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र निघाले, मेरुरज्जूला इजा झालेल्यांसाठी खडकीला १९७४ मध्ये पुनर्वसन केंद्र उभे राहिले. जी जखम डोळ्यांना दिसते तिची दखल लवकर घेतली जाते. जी दिसत नाही तिला उशीर लागतो.

हे दोन्ही आजार एकाच माणसात एकत्र असू शकतात आणि त्यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. झोप न लागणे, चिडचिड व विसराळूपणा हे दोहोंतही आढळतात. त्यात पुष्कळदा दारूची भर पडते. म्हणूनच उपचारापूर्वी नीट निदान होणे अत्यावश्यक आहे. निदानाशिवाय घेतलेला नवा उपचार म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेले पत्र होय.

पहिली पायरी : निदान आणि कागदपत्रे

निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकांसाठी व त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांसाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू आहे. योजनेच्या पॉलिक्लिनिकमधील डॉक्टर रुग्णास तपासून सैनिकी रुग्णालयाकडे अथवा योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयाकडे पाठवितात. हवालदारांच्या कुटुंबाने जाहिरातीतील दूरध्वनी फिरविण्याआधी या दारात जावयास हवे. तेथे केवळ “झोप येत नाही” एवढेच सांगून भागत नाही. स्फोट केव्हा व कोठे झाला, शुद्ध हरपली होती काय, लक्षणे कधीपासून आहेत, हे पत्नीने किंवा मुलाने लिहून न्यावे. रुग्णास स्वतःचा बदल अनेकदा जाणवत नाही. घरच्या माणसांची साक्ष येथे मोलाची ठरते.

सेवेतील वैद्यकीय कागद, इजेचा अहवाल, सेवामुक्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल व सेवामुक्ती पुस्तिका एका ठिकाणी जपून ठेवावीत. अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी आजार सेवेमुळे झाला वा सेवेमुळे वाढला, हे ठरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग यांच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर सामान्यतः तो सेवाकाळात उद्भवला असे गृहीत धरावे. मात्र याविषयीचे नियम सप्टेंबर २०२३ मध्ये बदलले आहेत. त्यामुळे निवृत्तीची तारीख पाहून कोणते नियम लागू होतात याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. दावा नाकारला गेल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मध्य प्रदेशासाठी त्याचे खंडपीठ जबलपूर येथे, तर महाराष्ट्रासाठी मुंबई येथे आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार शासकीय वा शासनाच्या साहाय्याने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळविण्याचा हक्क प्रत्येकास आहे. आजाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा आणि आपल्या उपचाराच्या मूलभूत नोंदी मिळविण्याचाही हक्क आहे. “नाव बदनाम होईल” या भीतीने थांबणाऱ्या कुटुंबांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

नवे उपचार : कोणता कितपत सिद्ध?

नवा उपचार म्हणजे चांगला उपचार, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात नव्या उपचारांच्या तीन निरनिराळ्या श्रेणी आहेत.

पहिल्या श्रेणीत पुरेशा पुराव्याने मान्य झालेले उपचार येतात. आघाताच्या आठवणींना प्रशिक्षित चिकित्सकाच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची बोलण्याची चिकित्सा, तसेच डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करून आठवणींची तीव्रता कमी करण्याची पद्धत, या दोहोंची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. यांत शस्त्रक्रिया नाही. मात्र प्रशिक्षित व्यक्ती आणि आठवड्यागणिक काही काळ नियमित हजेरी लागते. मेंदूच्या इजेसाठी स्मरणशक्तीचा सराव, तोल सांभाळण्याचे व्यायाम, वाचा-उपचार व व्यवसायोपचार यांचाही मोठा उपयोग होतो. हे उपचार साधे वाटतात, म्हणून लोक ते सोडून देतात. परंतु बहुतेकांची सुधारणा यांतूनच होते.

दुसऱ्या श्रेणीत आशादायक, पण अद्याप अभ्यासाधीन असलेले उपचार येतात. डोक्यावर चुंबकीय लहरी देण्याच्या उपचारास अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २००८ मध्ये नैराश्यासाठी मान्यता दिली. भारतातील काही रुग्णालयांतही तो मिळतो. ताणविकारावरील त्याच्या उपयोगाचा अभ्यास मात्र अजून चालू आहे. मानेतील मज्जागुच्छास सुई टोचून बधिर करण्याचा प्रयोग अमेरिकी लष्करी रुग्णालयांत झाला व त्यात लक्षणे काही प्रमाणात कमी झाली. वाढीव दाबाच्या खोलीत प्राणवायू देण्याचा अनुभव बोधप्रद आहे. अमेरिकी सैनिकांवरील चाचणीत खरा उपचार मिळालेले व केवळ उपचाराचा देखावा केलेले, असे दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. “मला बरे वाटले” एवढ्यावरून उपचार सिद्ध होत नाही, हे यावरून कळते.

तिसऱ्या श्रेणीतील उपचारांपासून सावध राहावयास हवे. एमडीएमए या द्रव्याच्या साहाय्याने करावयाच्या चिकित्सेस अमेरिकेच्या नियंत्रकाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता नाकारली. भारतात ते १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते. आयबोगेन या वनस्पतिजन्य द्रव्याचा ३० अमेरिकी माजी सैनिकांवरील अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. परिणाम उत्साहजनक होते, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि या द्रव्याने हृदयाचे ठोके घातक रीतीने बिघडू शकतात. मूलपेशींच्या उपचाराबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत : रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडल्यास तो केवळ रीतसर नोंदविलेल्या चाचणीतच करता येतो. मुलाच्या हाती पडलेली जाहिरात बहुधा याच श्रेणीतील असते.

इंदूरचा धडा

अभ्यासाधीन उपचार मिळण्याचा योग्य मार्ग म्हणजे वैद्यकीय चाचणी. या बाबतीत साऱ्या देशाला धडा मिळाला तो इंदूरहूनच. येथील औषधचाचण्यांत रुग्णांना पुरेशी माहिती न देता सामील करून घेतल्याच्या तक्रारी २०१० नंतर पुढे आल्या. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने २०१३ मध्ये चाचण्यांवरील देखरेख कडक करण्याचे व संमतीचे दृक्‌श्राव्य मुद्रण करण्याचे आदेश दिले. पुढे नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ आले. आज दुर्बल गटांतील व्यक्तींवर सर्वस्वी नव्या औषधाची चाचणी होते, तेव्हा संमतीचे असे मुद्रण करावे लागते.

सैनिकाच्या बाबतीत संमतीचे महत्त्व अधिक आहे. ज्याने आयुष्यभर आज्ञा पाळली, तो पांढऱ्या कोटातील अधिकाऱ्यासमोरही सहज “होय” म्हणतो. आंतरराष्ट्रीय चाचणी-नियमांत सैन्यदलातील व्यक्तींची गणना विशेष काळजी घेण्याजोग्या गटांत केली आहे ती याच कारणाने. मेंदूच्या इजेमुळे समज मंदावली असेल, तर काळजी दुप्पट घ्यावयास हवी.

म्हणून चाचणीत सामील होण्यापूर्वी रुग्ण व कुटुंबीय यांनी पुढील प्रश्न विचारावेत :

१. ही चाचणी भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत नोंदलेली आहे काय व तिचा क्रमांक कोणता? ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली असून ती कोणासही पाहता येते.

२. रुग्णालयाच्या नैतिकता समितीने चाचणीस मान्यता दिली आहे काय? समितीचा दूरध्वनी संमतिपत्रात आहे काय?

३. संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत आहे काय? त्याची प्रत घरी नेऊन विचार करण्यास अवधी मिळेल काय?

४. कोणते धोके आहेत? इजा झाल्यास मोफत उपचार व चाचणीमुळे झालेल्या हानीबद्दल भरपाई कशी मिळेल?

५. मध्येच बाहेर पडल्यास नेहमीचे उपचार पूर्ववत चालू राहतील काय? नियमानुसार ते चालू राहिलेच पाहिजेत.

६. पैसे मागितले जात आहेत काय? संशोधनाचा खर्च सहभागी व्यक्तीवर लादता येत नाही. “चाचणी आहे, लाख रुपये भरा” असे कोणी म्हणत असेल, तर तेथून उठून यावे.

गावाचे व शाळेचे कार्य

रुग्णास बहुधा प्रथम ओळखतात ती घरची माणसे, शेजारी, शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य. वडिलांच्या संतापाने भेदरलेले मूल वर्गात गप्प बसते. शिक्षकाने ते हेरावे व कुटुंबाशी सबुरीने बोलावे. ग्रामसेवकाने गावातील माजी सैनिकांची यादी ठेवून ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वज दिनी केवळ निधी न जमविता त्यांची विचारपूसही करावी. इंदुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग व बाणगंगा येथील मनोरुग्णालय आहे. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. सैन्यदलांसाठी तिचा विशेष कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये उघडण्यात आला. जीव देण्याची भाषा, नव्याने येणारे झटके, वाढती गुंगी किंवा अचानक आलेली दुर्बलता दिसल्यास रुग्णास एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे २०१७ चा कायदा मानतो. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत.

राजेंद्रनगरातील त्या हवालदारांच्या घरी जमीन विकण्याची गरज नाही. जुने कागद शोधून काढणे, पत्नीने लक्षणांची वही लिहिणे, पॉलिक्लिनिकमधून तज्ज्ञापर्यंत पोहोचणे आणि सांगितलेला उपचार चिकाटीने पार पाडणे एवढे प्रथम करावयाचे आहे. त्यानेही आराम न पडल्यास नोंदलेल्या चाचणीचा विचार अवश्य करावा. पण प्रश्न विचारून, उत्तरे समजून घेऊन आणि संमतिपत्राची प्रत हाती घेऊनच. हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे आणि तो मिळविण्यासाठी इंदूरच्याच नागरिकांना न्यायालयापर्यंत जावे लागले होते.