बालकांतील जलशुष्कता : सलाईन केव्हा, जलसंजीवनी केव्हा?

लहान मुलाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या की आपण दवाखान्यात धावतो आणि पहिली मागणी करतो, "डॉक्टरसाहेब, आधी सलाईन लावा." बाटली टांगली म्हणजे खरा उपचार झाला आणि पुडी दिली म्हणजे आपली बोळवण केली, असा समज आम्ही अनेक घरांत पाहिला आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहू.

१९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगावच्या रुग्णालयात सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना पाजण्यास सुरुवात केली. नातेवाईकही पाजू लागले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

याचे कारण साधे आहे. जुलाबातही आतडे ग्लुकोज शोषून घेते. ग्लुकोजबरोबर मीठ आत जाते आणि मिठामागे पाणी. नुसते पाणी हे काम करू शकत नाही.

म्हणून तातडीच्या विभागात डॉक्टर प्रथम मुलाची अवस्था पाहतात. मूल चिडचिडे आहे, डोळे खोल गेले आहेत, पण अधाशासारखे पाणी पिते, तर त्याला जलसंजीवनी दिली जाते. प्रमाण ४ तासांत दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर, म्हणजे १० किलोच्या मुलास पाऊण लिटर. ती चमच्याचमच्याने पाजावी. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश द्यावी.

मूल सुस्त वा बेशुद्ध आहे, पिऊ शकत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर २ सेकंदांहून अधिक वेळ तशीच राहते, तर मात्र सलाईनला पर्याय नाही. तेथे एक क्षणही दवडू नये. वाटेत मूल गिळू शकत असेल तर पाजत राहावे. अति कुपोषित बालकांचे प्रमाण वेगळे असते. ते डॉक्टरांनीच ठरवावे.

घरी आल्यावर प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर जलसंजीवनी द्यावी. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने वापरू नये. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. अंगावरचे दूध व नेहमीचे जेवण बंद करू नये. डॉक्टरांनी दिलेले झिंक सांगितलेले सर्व दिवस द्यावे. शौचातून रक्त पडल्यास किंवा लघवी बंद झाल्यास पुन्हा दवाखाना गाठावा.

शरीरातील पाण्याचाही जमाखर्च असतो. जितके गेले तितके वेळेवर भरले, तर बहुतेक मुलांना सुईची गरज पडत नाही. तेव्हा डॉक्टरांनी पुडी दिली तर ती उपेक्षा समजू नये. चमचा हाती घेऊन मुलाजवळ बसावे. त्या वेळी तोच खरा उपचार असतो.