मत्स्यशोधक यंत्राची केबल आंखूड करावी काय ?

आपल्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते, व त्या दोन महिन्यांत होड्यांची डागडुजी चालते. अशा वेळीं आमच्या परिचयाच्या एका तांडेलास आपल्या सुकाणूच्या खोलींतील मत्स्यशोधक यंत्राच्या केबलचें वेटोळें फार अडचणीचें वाटूं लागलें. केबल दहा मीटर. होडीस लागे चार. त्यानें मधला भाग कापून काढिला, टोकें पिळून जोडलीं व वर चिकटपट्टी गुंडाळली. "तांब्याची तार आंखूड झाली तर वीज उलट सुखानें वाहील," असें त्याचें म्हणणें. ऑगस्टांत होडी समुद्रांत गेली. उथळ पाण्यांत यंत्र ठीक चाले. परंतु खोल पाण्यांत पडद्यावरील तळाची रेषा लोपून नुसते ठिपके नाचूं लागले, व तळाचा खडक न कळल्यामुळें जाळें अडकून फाटलें.

तांडेलाचा तर्क खोटा नव्हता, अपुरा होता. होडीच्या तळाशीं जो ट्रान्सड्यूसर असतो, त्यांत सिरॅमिकची एक चकती असते. तिला वीज दिली म्हणजे ती थरारते, आणि तिजवर दाब पडला म्हणजे ती वीज देते. दाबानें वीज उत्पन्न होते ही गोष्ट पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं स्फटिकांवर प्रयोग करून दाखविली होती. यंत्र या चकतीकडून सेकंदास ५० हजार किंवा २ लाख कंपनांचा ध्वनि पाण्यांत सोडतें व प्रतिध्वनीची वाट पाहतें. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,५०० मीटर जातो. तेव्हां ६० मीटर खोल तळावरून तो परत येण्यास ०.०८ सेकंद लागतो. हें गणित विद्यार्थ्यांनीं वर्गांत केलेलेंच असेल.

कित्येकांस वाटतें कीं केबलची लांबी बदलल्यानें खोली चुकीची दिसते. तसें नाहीं. केबलमधून विजेचा संदेश सेकंदास सुमारें वीस कोटि मीटर धांवतो. दहा मीटर जाऊन येण्यास त्यास जो वेळ लागतो, त्यामुळें खोलींत पडणारा फरक मिलिमीटराच्या दहाव्या भागाहूनहि कमी असतो.

खरें मर्म निराळें आहे. बाहेर जाणारा ठोका शेंकडों व्होल्टांचा असतो. परत येणारा प्रतिध्वनि व्होल्टाच्या कांहीं लक्षांशाइतका क्षीण असूं शकतो. इंजिन, डायनॅमो, रेडिओ यांच्या लहरींत तो सहज बुडून जाईल. म्हणून तारांभोंवतीं बारीक तारांचें जाळीदार आवरण विणलेलें असतें. तें बाहेरील गडबड अडवितें. तांडेलानें तारा जोडल्या, पण जाळी तशीच तुटकी ठेविली. इंजिनाचा वेग वाढतांच ठिपके वाढत, याचें कारण हेंच. शिवाय चिकटपट्टीखालीं खारें पाणी शिरलें कीं तें जाळींतून पुढें पुढें ओढलें जातें, व तांबें हिरवें पडून सांधा आंतून कुजतो.

केबलचाहि एक विद्युत्-संग्राहक असतो. मीटरमागें सुमारें १०० पिकोफॅरड. चकती, केबल व यंत्र मिळून एक स्वर जुळविलेला असतो, व सहा मीटर तार गेल्यास तो थोडा ढळतो. हा दोष मात्र माझ्या मतें सांध्याच्या दोषापुढें किरकोळ होय. यंत्रासोबतच्या पुस्तकांत "केबल कापूं नये" एवढेंच बहुधा छापलेलें असतें. कारण सांगितलें असतें तर पुष्कळांनीं सुरी हातांत घेतली नसती.

उरलेली केबल इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणें सैल घडी करून, इंजिनाच्या व रेडिओच्या तारांपासून दूर, कोरड्या जागीं बांधून ठेवावी. केबलचें जाड टोंक भोकांतून जात नाहीं म्हणूनहि ती कापूं नये. भोक मोठें करावें, लांकूड स्वस्त असतें. आणि कापणें अटळच झालें, तर रंगास रंग जुळवून प्रत्येक तारेस सोल्डर करावें, तिच्यावर निराळी नळी चढवावी, जाळीस जाळी अखंड जोडावी, आणि हा सांधा पाण्याच्या बराच वर, बंद डबींत ठेवावा.

तांडेलानें पुढें तसा सांधा करून घेतला. ठिपके पुष्कळ कमी झाले व तळाची रेषा परत आली. परंतु जाळींत पूर्वींच शिरलेल्या पाण्यानें ती दिवसेंदिवस फिकी पडत गेली, आणि दिवाळीनंतर त्यास नवा ट्रान्सड्यूसर घ्यावा लागला. त्याची दहा मीटर केबल आतां छताखालीं सैल घडी करून बांधलेली आहे.