उंटाचा काटा कोणता? फारसी वैद्यकातील ‘खारशुतुर’ची ओळख

फारसी वैद्यकग्रंथ मराठीत आणताना ‘खारशुतुर’ या शब्दापाशी अभ्यासक हमखास फसतो. ‘खार’ म्हणजे काटा, ‘शुतुर’ म्हणजे उंट. मराठीत ‘उंटकटारा’ हा शब्द तयारच असतो. मीही एकदा तो लिहून मोकळा झालो होतो. शब्दार्थ बरोबर होता, वनस्पती मात्र भलतीच. औषधाच्या पाठात अशी चूक केवळ भाषेची राहत नाही.

मग ओळख पटवावी कशी?

पहिली खूण उपयोगाची. इराणच्या कोरड्या प्रदेशातील या झुडपावर उन्हाळ्यात गोड दाणे धरतात. झुडूप झोडपून ते गोळा करतात, पाण्यात विरघळवून काटेकचरा गाळून टाकतात आणि सौम्य रेचक म्हणून देतात. यालाच ‘तरंजबीन’ म्हणतात : ‘तर’ म्हणजे ओला, ‘अंगबीन’ म्हणजे मध.

दुसरी खूण ग्रंथांतील पर्यायी नावांची. इब्न सीना (९८०–१०३७) ‘कानून’मध्ये तरंजबीनला दव मानतो आणि ते आपल्याकडे बहुधा ‘हाज’ या झुडपावर पडते, असे सांगतो. हे अरबी नाव ‘अल्’ या उपपदासह ‘अल्हागी’ या शास्त्रीय नावात आजही टिकून आहे. अल्हागी म्हणजे संस्कृतातील ‘यवास’, आपला जवासा.

तिसरी खूण रूपाची. जवाशाची पाने साधी व एकाआड एक असतात. फुले वाटाण्याच्या फुलासारखी, तांबूस-गुलाबी असून ती थेट काट्यांवर येतात. शेंग दाण्यादाण्यांमध्ये आवळलेली असते. उंटकटाऱ्याला काटेरी चेंडूसारखा फुलोरा येतो. तो सूर्यफुलाच्या कुळातला, तर जवासा वाटाण्याच्या.

इथे आणखी एक सापळा आहे. ‘दुरालभा’ हे संस्कृत नाव कुठे जवाशाला, तर कुठे धमाशाला (फॅगोनिया) लावलेले आढळते. धमाशाची पाने समोरासमोर असतात आणि फुलाच्या पाच पाकळ्या सुट्या असतात. म्हणून कोशात ‘दुरालभा’ सापडली, एवढ्यावर थांबू नये.

अनुवादकाने मूळ शब्द देवनागरीत ठेवावा, त्यापुढे मराठी नाव आणि शास्त्रीय नाव द्यावे : ‘खारशुतुर, जवासा, अल्हागी’. शब्द फोडून अर्थ कळतो. झाड ओळखायचे तर त्याचे वर्णन शेवटपर्यंत वाचावे लागते.