कलासंग्रहालयाची वास्तू : दालने आणि सोयी

भिंतीवर चित्रे टांगलेली इमारत म्हणजे कलासंग्रहालय, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः प्रेक्षकाला दिसणारी दालने हा अशा संस्थेचा केवळ एक भाग होय. कलाकृतींची साठवण, नोंदणी, दुरुस्ती, अभ्यास आणि लोकशिक्षण यांसाठी लागणाऱ्या जागा तितक्याच महत्त्वाच्या असतात. या जागांची आखणी चुकली, तर एखाद्या कलावंताचे आयुष्यभराचे काम काही पावसाळ्यांत नष्ट होऊ शकते. मुंबईतील राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाच्या उदाहरणावरून हा विषय चांगला समजू शकेल.

सार्वजनिक सभागृहाचे रूपांतर

दिल्ली येथील जयपूर हाऊसमध्ये २९ मार्च १९५४ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याची मुंबई शाखा १९९६ मध्ये सुरू झाली, ती नव्या इमारतीत नव्हे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोरील सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृहाची वास्तू तिच्यासाठी निवडण्यात आली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार १९११ मध्ये उभे राहिलेले हे सभागृह एके काळी मैफली व जाहीर सभांनी गजबजलेले असे. पुढे नवी नाट्यगृहे व सभागृहे झाली आणि या वास्तूकडे दुर्लक्ष झाले. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा आणि लग्नाचे स्वागतसमारंभ यांसाठी ती भाड्याने दिली जाऊ लागली.

ही वास्तू कलेसाठी मिळावी, म्हणून शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि कलादालनचालक केकू गांधी यांनी पुढाकार घेतला. शासनाने ती हाती घेतल्यानंतर नूतनीकरणास सुमारे बारा वर्षे लागली. पोचखानवाला यांचे १९८६ मध्ये निधन झाले. उद्घाटन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मात्र नागरिकांनी आग्रह धरला आणि शासनाने साथ दिली, तर पडीक होऊ लागलेली सार्वजनिक वास्तू वाचू शकते, हे या प्रयत्नाने दाखवून दिले.

प्रदर्शनाची दालने

नूतनीकरणात बाहेरचा दगडी दर्शनी भाग कायम ठेवण्यात आला आणि आतील रचना बदलण्यात आली. सभागृहाच्या एकाच मोठ्या पोकळीत निरनिराळ्या उंचीवर अर्धवर्तुळाकार दालने बसविण्यात आली. जिन्यांनी जोडलेली ही दालने चढत गेल्यावर प्रेक्षक सर्वांत वरच्या, घुमटाखालील दालनात पोहोचतो. यांखेरीज व्याख्यानकक्ष, ग्रंथालय, उपाहारगृह, कार्यालय आणि साठवणीच्या जागा यांचीही योजना करण्यात आली.

जुन्या वास्तूच्या अशा वापराला काही मर्यादा असतात. वक्राकार भिंतीवर मोठे सपाट चित्र लावणे अवघड जाते, तर जिन्यांमुळे वृद्ध व अपंग प्रेक्षकांच्या सोयीचा वेगळा विचार करावा लागतो. समकालीन कलेच्या गरजाही निराळ्या आहेत. चित्रफितीवर आधारित कलाकृतीला अंधारी खोली, वीजजोडणी आणि आवाज बाहेर न जाऊ देणाऱ्या भिंती लागतात. जागाच व्यापणाऱ्या मांडणशिल्पाला उंच छत, भक्कम जमीन आणि अवजड सामान आत आणता येईल एवढा रुंद दरवाजा हवा असतो. म्हणून अशी दालने शक्य तितकी मोकळी ठेवून त्यांत हलविता येण्याजोगे पडदे वापरण्याची पद्धत रूढ झाली आहे.

प्रकाश आणि ओलावा

कलाकृतीचे खरे शत्रू दोन : प्रकाश आणि ओलावा. प्रकाशाने फिकटलेला रंग पुन्हा मूळपदावर येत नाही आणि हे नुकसान दिवसागणिक साठत जाते. यास्तव जलरंगातील चित्रे, कागद व वस्त्रे यांवर साधारणपणे ५० लक्सपेक्षा आणि तैलचित्रांवर २०० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा संकेत आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली, तर बुरशी धरू लागते. मुंबईच्या पावसाळ्यात हा धोका नित्याचाच. आर्द्रतेचे वारंवार होणारे चढउतारही तितकेच घातक असतात. त्यांमुळे लाकडी चौकट व कापड फुगते, आकसते आणि वरचा रंग तडकतो. वातानुकूलन ही येथे चैन नसून संरक्षणाची गरज आहे.

पडद्यामागील जागा

संग्रहातील सर्व कलाकृती एकाच वेळी मांडणे बहुतेक संग्रहालयांना शक्य नसते. उरलेल्या कलाकृतींसाठी कोठार लागते. ते तळघरात किंवा पाण्याच्या नळांखाली नसावे. चित्रे एकावर एक न रचता उभ्या जाळीच्या चौकटींवर टांगावीत आणि प्रत्येकाची क्रमांकासह नोंद असावी. कोठाराशेजारी जतनकक्ष, तसेच आलेल्या कलाकृती उघडून तपासण्याची स्वतंत्र खोली असणे इष्ट होय.

गावोगावी काय करता येईल?

एवढी साधने लहान संस्थांजवळ नसतात, हे खरे. तथापि सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय या संदर्भात उल्लेखनीय आहे. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या या वास्तूत नैसर्गिक प्रकाशाचा विचारपूर्वक उपयोग केलेला असून, राजा रविवर्मा यांची चित्रे तेथे पाहावयास मिळतात.

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या इमारतीत जुनी चित्रे व छायाचित्रे असतील, तर ती ओल्या भिंतीला चिकटवून लावू नयेत, मागे हवा खेळेल एवढी फट ठेवावी. खिडकीतील ऊन थेट पडणार नाही, असे पाहावे. नोंदवही ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी छत तपासावे. या कामांना खर्च अल्प, पण लक्ष सतत लागते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेताना भिंतीवरील चित्रांबरोबरच दिवे, खिडक्या आणि मांडणीकडेही त्यांचे लक्ष वेधावे. वस्तू जपण्यामागील श्रम ज्याला उमगले, तो सार्वजनिक ठेव्याची नासधूस सहसा होऊ देत नाही.