नरहरी सोनाराचे गिऱ्हाईक



गेल्या वारीत एका मुक्कामावर तंबू ठोकून झाल्यावर चहाच्या वेळी दिंडीतल्या एका तरुण टाळकऱ्याने आम्हाला विचारले, "महाराज, दुकानदाराचं मत आपल्याला पटत नसंल तर त्याच्याकडनं माल घ्यावा का घेऊ नये?" प्रश्नाला कारण घडले होते. त्या गावातल्या एका दुकानाविषयी सकाळपासून कुजबुज चालू होती. मालक अमक्या पक्षाचा आहे, आपल्या देवाधर्माला नावे ठेवतो, त्याच्या गल्ल्यात पैसा टाकू नका, असा निरोप तोंडोतोंडी फिरला. बहुतेकांनी ते दुकान टाळले. एका म्हातारीला कुणी सांगितलेच नव्हते. ती बिचारी तिथून आगपेटी घेऊन आली आणि तिला दोन शब्द ऐकावे लागले.

त्या रात्री आम्ही टाळकऱ्याला नीट उत्तर दिले नाही. कीर्तनाची वेळ झाली होती हे खरे, पण उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते हे अधिक खरे. त्यानंतर जो विचार झाला तो येथे मांडतो.

आरंभ घरच्याच कथेपासून करू. नरहरी सोनाराची कथा महिपतीबोवांनी भक्तविजयात सांगितली आहे आणि ती आपणां सर्वांच्या कानावरून अनेक वेळा गेलेली आहे. नरहरी पंढरपुरात राहणारा, पण कट्टर शैव. विठ्ठलाचे दर्शन घेणे तर दूरच, राउळाच्या बाजूला नजरसुद्धा जाऊ देत नसे. एका सावकाराला नवसाने मुलगा झाला. त्याला पांडुरंगाच्या कमरेला सोन्याचा करगोटा वाहायचा होता. तो नरहरीकडे गेला. नरहरी म्हणाला, दागिना घडवीन, पण माप घ्यायला देवळात येणार नाही. माप तुम्ही आणून द्या. सावकाराने माप आणून दिले. दागिना आखूड झाला. परत केला तर लांब झाला. शेवटी नरहरी डोळ्यांना पट्टी बांधून राउळात गेला आणि पुढे हात लावताच त्याला काय लागले, पट्टी काढल्यावर काय दिसले, हे आपण जाणताच.

कीर्तनकार येथे नरहरीच्या हातांविषयी आणि पट्टीविषयी रंगून बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या सावकाराकडे आपले लक्ष फारसे जात नाही. त्याचे नावदेखील कुणाला ठाऊक नाही. जरा विचार करा. देवाचा दागिना करायचा, आणि तो कुणाकडून? ज्याला त्या देवाचे तोंड बघायचे नाही त्याच्याकडून! सावकाराच्या घरीही कुणी तरी म्हटले असेल, "अहो, पंढरीत दुसरा सोनार नाही काय? जो आपल्या विठोबाला मानत नाही त्याच्या पदरात मजुरी कशाला घालता?" सावकाराने ते मनावर घेतले नाही. सोनार कसबी आहे, सोन्यात खोट करीत नाही, एवढे त्याने पाहिले असावे. दागिना परत परत दुरुस्तीला गेला तरी गिऱ्हाईक सोनारावर रागावले नाही. सौदा चालू राहिला म्हणून येणेजाणे चालू राहिले, आणि येणेजाणे राहिले म्हणून नरहरी एक दिवस राउळाच्या पायरीवर आला. सावकाराने पहिल्याच दिवशी तोंड फिरवले असते तर आपल्या संतमालिकेतला एक मणी कमी झाला असता, असे आम्हाला वाटते.

दुसरी कथा याच्या उलट आहे. निवृत्तिनाथ, ज्ञानोबा, सोपान आणि मुक्ताई ही संन्याशाची पोरे म्हणून आळंदीने त्यांना वाळीत टाकले होते. मुक्ताबाईला मांडे करायचे होते. ती खापर आणायला कुंभारवाड्यात निघाली, तर विसोबा चाटी याने कुंभारांना आधीच दटावून ठेवले : या पोरीला भांडे द्याल तर याद राखा. विसोबाचे पुढे काय झाले तेही आपणास माहीत आहे. तोच विसोबा खेचर झाला आणि नामदेवरायांचा गुरू झाला. ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले गेले, मुक्ताईची नड भागली. पण या कथेत आम्हाला सारखा आठवतो तो कुंभार. त्याचे मुक्ताईशी भांडण नव्हते. त्याला एक खापर विकायचे होते, दोन पैसे मिळायचे होते. विसोबाच्या रागापायी त्याचे गिऱ्हाईक गेले आणि वर मनात धाक बसला. राग एकाचा, रोख दुसऱ्यावर, आणि पोटावर पाय पडतो तो तिसऱ्याच्याच.

हे आम्ही कथेपुरते बोलत नाही. आमच्या गावी अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवसांच्या पंगतीचा गूळ, डाळ, तेल हे सारे वाणसामान कैक वर्षे एकाच दुकानातून येत असे. एका निवडणुकीत त्या दुकानदाराने विरुद्ध बाजूचा प्रचार केला आणि भर सभेत वारीबद्दल असे काही बोलला की ते आम्हा सर्वांना झोंबले. वारी म्हणजे ऐन पेरणीत कामाचा खोळंबा, असा त्याचा आशय होता. (हेच बोलणे आम्ही आमच्या घरातही ऐकलेले होते, पण घरचे बोलणे सभेत आले की निराळे लागते.) सप्ताहाच्या मंडळींनी बैठक घेतली आणि ठरवले, यापुढे त्याच्याकडून चिमूटभर मीठसुद्धा आणायचे नाही. हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो.

दुकानदाराचे फारसे काही बिघडले नाही. त्याचा बीबियाणे-खतांचा व्यापार मोठा होता. त्याच्याकडे पोती उचलणारे दोघे होते, दोघेही माळकरी. सप्ताहाच्या दिवसांत मिळणारी त्यांची जादा हजेरी बुडाली. खालच्या आळीत ज्या घरांना तो उधारीवर मीठमिरची देई त्या घरच्या बायांची पंचाईत झाली. त्याच्या दुकानी जावे तर गाव बघतोय, दुसरीकडे जावे तर रोख पैसा कोण देणार? त्यांतली एक आमच्या घरी येऊन म्हणाली, "तुमचा ठराव झाला, आमची चूल थांबली." आम्हाला उत्तर सुचले नाही. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तो मनुष्य काल्याच्या दिवशी मांडवाबाहेर, जिथे लोक चपला काढतात तिथे उभा राहून कीर्तन ऐकत असे. आत कधी बसला नाही, पण शेवटपर्यंत ऐकत असे. ठरावानंतर तो आलाच नाही.

मग बहिष्कार हे शस्त्र कधीच उचलू नये काय? तसे आम्ही म्हणणार नाही. इंग्रजीत बहिष्काराला 'बॉयकॉट' म्हणतात. ते एका माणसाचे आडनाव आहे. कॅप्टन बॉयकॉट हा आयर्लंडमध्ये मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली खंडाची सूट नाकारून त्याने कुळांना जमिनीवरून काढायचा घाट घातला, तेव्हा गावाने त्याच्याशी व्यवहारच बंद केला. मजूर कामाला येईनात, दुकानदार माल देईनात. त्याचे पीक काढायला बाहेरून पन्नास माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सरकारने फौज धाडली. खर्च पिकाच्या किमतीहून कितीतरी पट झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो तिथून निघून गेला. कुळांनी त्याला तो कोणत्या पंथाचा, मत कोणाला देतो, हे विचारले नव्हते. तो घरे मोडत होता, म्हणून त्याचा हात धरला.

साखरेची हकीकत याहून बोलकी आहे. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव विलायतेच्या पार्लमेंटात नापास झाला. तेव्हा पुष्कळ साध्या माणसांनी, त्यांत घर चालवणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या, वेस्ट इंडीजची साखर खाणे सोडले. कारण ती गुलामांच्या रक्ताघामाची होती. साखर सोडणाऱ्यांचा आकडा तीन लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज टॉमस क्लार्कसन याने दिला आहे. पुढे तिकडच्या साखरेच्या भांड्यांवर, ही हिंदुस्थानची साखर आहे, गुलामांनी केलेली नव्हे, अशा अर्थाची अक्षरे घालू लागले. येथे पाप मालातच होते. पुडी घरात आणली की त्यातला वाटा घरात आला. असा माल सोडणे हे एकादशीला अन्न सोडण्याइतकेच सरळ आहे.

आपल्याकडे १९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर विलायती कापडावर बहिष्कार पडला, पुण्यात त्याची होळी झाली. त्यातही एका गिरणीमालकाचे मत बघितले नव्हते. राज्य आणि व्यापार यांचा जो फास होता तो सोडवायचा होता. तरीही मार कुणाला बसतो हे गांधीजी विसरले नाहीत. १९३१ साली गोलमेज परिषदेला गेले असता ते लँकेशायरमध्ये डार्वेनजवळ जाऊन राहिले. आपल्या बहिष्काराने ज्या गिरणी कामगारांचे काम गेले होते, त्यांच्यासमोर उभे राहून त्यांनी आपली बाजू सांगितली. आम्ही मात्र त्या दोन हमालांच्या घरी गेलो नव्हतो.

आता उलट बाजू. १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझी स्वयंसेवक यहुद्यांच्या दुकानांच्या दारांत उभे राहिले आणि आत जाणाऱ्या गिऱ्हाइकांना अडवू लागले. त्या दुकानदारांचा गुन्हा एवढाच की ते यहुदी कुळात जन्मले. तो बहिष्कार एका दिवसाचा होता. पण सहा वर्षांच्या आत ती दुकाने त्यांच्या हातून गेली, आणि पुढे जे घडले ते जगाला ठाऊक आहे. दूरचे कशाला? मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० साली आपल्याच इलाख्याची हकीकत लिहून ठेवली आहे. अस्पृश्य मानलेल्या माणसाने आपला हक्क बजावला, जमीन घेतली, चांगले कपडे घातले, एवढ्या कारणावरूनही गाव त्याला वाळीत टाकी आणि वाणी त्याला रोजचा जिन्नस विकत नसे. चोखोबांचे नाव घेणाऱ्या आपण वारकऱ्यांनी हे वाचताना मान खाली घालावी, कारण त्या गावांतून दिंड्याही निघत होत्या. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला आणि २०१७ पासून तो लागू आहे. आपल्या समाजातल्या माणसाला वाळीत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

टाळकऱ्याच्या प्रश्नाचा अवघड भाग अजून राहिला. मत कुठे संपते आणि करणी कुठे सुरू होते? अमेरिकेत चिक-फिल-ए नावाची कोंबडीचे पदार्थ विकणारी मोठी खानावळ-कंपनी आहे (माळकऱ्याला तिची पायरी चढायचा प्रसंगच येणार नाही, म्हणून निवांत बोलता येते). २०१२ साली तिच्या प्रमुखाने आपल्या धर्मश्रद्धेला धरून समलिंगी विवाहाविरुद्ध मत सांगितले. बहिष्काराची हाक उठली. लगेच दुसऱ्या बाजूने हाक दिली आणि १ ऑगस्टला त्या खानावळींपुढे रांगा लागल्या. मताला मत भिडले आणि मालकाचा गल्ला भरला! पण विरोध करणाऱ्यांचे एक म्हणणे विचार करण्यासारखे होते : आमचा राग नुसत्या बोलण्यावर नाही, कंपनीच्या पैशातून अशा संस्थांना देणग्या जातात त्यावर आहे. २०१९ साली कंपनीने आपले देणग्यांचे धोरण बदलत असल्याचे जाहीर केले.

यावर आमचे मत असे. दुकानाचा पैसा कुणाचे घर मोडायला, कुणाचा हक्क काढून घ्यायला जातो असे दाखवता आले, तर ती करणीच झाली. तिथे खरेदी थांबवायला हरकत नाही. मापात पाप असेल, मजुराची मजुरी बुडवत असेल, कुणाची जात बघून पाणी वरून ओतत असेल, तर थांबवलेच पाहिजे. पण आधी जाऊन त्याला तोंडावर सांगावे, ऐकीव निरोपावर चालू नये. आणि तो कुणाला मत देतो, कोणत्या देवाला हात जोडतो किंवा जोडतच नाही, एवढ्यावरून त्याचे दुकान सोडणे आम्हाला मान्य नाही. देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, आरती होते, मग पुढे जाते. तिथे कुणी कुणाचे मत तपासत नाही.

कुणी म्हणेल, माझा पैसा, मी कुठे खर्च करावा हा माझा प्रश्न. बरोबर आहे. एखाद्याचे मन त्या पायरीवर चढत नसेल तर त्याने गुपचूप दुसरीकडे जावे. ते त्याचे व्रत. पण व्रत आपण धरतो, दुसऱ्याच्या गळ्यात बांधत नाही. आपल्या दिंडीत त्या दिवशी जे झाले त्यात व्रत फारच थोडे होते. म्हातारीच्या हातातली आगपेटी बघून जे डोळे वटारले गेले, ते विसोबाने कुंभारांवर वटारले होते त्याच जातीचे होते. त्या माउलीची आम्ही नंतर क्षमा मागितली. ती म्हणाली, "असूं द्या महाराज, काड्या कोरड्या हायेत."

टाळकऱ्याला हे सारे पत्राने कळवले आहे. त्याचे उत्तर आले. त्याला अजून सगळे पटलेले नाही. देणग्यांचे कसे ओळखायचे, हिशेब कोण दाखवतो, असे तो विचारतो, आणि त्याचे विचारणे रास्त आहे.

येत्या सप्ताहाचे सामान कुठून आणायचे हे ठरवायला आमच्या गावी पुढच्या एकादशीला मंडळी बसणार आहेत. जुना ठराव मागे घ्यावा असे आम्ही बैठकीत मांडणार आहो. दोघांनी आधीच विरोध कळवला आहे. बैठकीला जाण्याआधी एकदा त्या दुकानी जाऊन यायचे आहे. इतक्या वर्षांनी पायरी चढताना पहिला शब्द कोणता बोलावा, ते अजून ठरत नाही.