मारानाथा: आपण खरंच वाट पाहतोय का?

आजचे वाचन: १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८



पौलाने हे पत्र इ.स. ५० च्या सुमारास करिंथहून लिहिलं. प्रभूच्या पुनरुत्थानाला तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. येशू लवकरच परत येणार, या आशेवर थेस्सलनीकाची मंडळी जगत होती. पण मधल्या काळात त्यांच्यातले काहीजण वारले. मग प्रश्न पडला: प्रभू आला की आपल्या या माणसांचं काय? ती मागेच राहणार का?

पौल सांगतो, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण सगळे मिळून प्रभूला भेटू. आणि हे सांगून एकमेकांना धीर देण्याचं काम तो मंडळीवरच सोपवतो.

प्रभूच्या येण्यासाठी त्याने 'पारूसिया' हा ग्रीक शब्द वापरलाय. सम्राट एखाद्या शहराला भेट देई, त्यालाही हाच शब्द होता. लोक वेशीबाहेर जाऊन त्याचं स्वागत करत. छळ सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी न्यायाचा दिवस म्हणजे खऱ्या राजाचं येणं होतं. म्हणून त्यांची प्रार्थना होती 'मारानाथा', म्हणजे आमच्या प्रभू, ये. करिंथकरांना ग्रीकमध्ये लिहितानाही पौलाने हा अरामी शब्द तसाच ठेवला.

आणि आज? काहीजण तारखा काढतात. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरला होता, हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११. दोन्ही दिवस आले नि गेले. तो दिवस फक्त पित्याला ठाऊक आहे, हे तर प्रभूनेच सांगितलंय (मार्क १३:३२).

आपण बाकीचे मात्र विसरूनच जातो. रविवारी विश्वासांगीकारात म्हणतो, तो न्याय करायला येणार आहे. मनात मात्र असतं, आधी लग्न होऊ दे, फ्लॅटचा ताबा मिळू दे, मग ये प्रभू!

मत्तय २५ मध्ये न्यायाच्या वेळी काय विचारात घेतलं जातं? भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, आजाऱ्याची विचारपूस केली का, तुरुंगातल्याला भेटलो का. म्हणजे वाट पाहणं रोजच्या वागण्यात दिसायला हवं.

तुमच्या ओळखीत यंदा कोणाच्या घरी मृत्यू झालाय का? आज त्यांना फोन करा. धीर द्या. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने हेच करायला सांगितलं होतं.

प्रार्थना: प्रभू येशू, तुझ्या येण्याची भीती नको, ओढ दे. तू येशील तेव्हा आम्ही कोणाचे तरी अश्रू पुसताना सापडू दे. आमेन.